निकोलाय व्हॅव्हिलॉव्ह

निकोलाय इव्हानोविच व्हॅव्हिलॉव्ह (२५ नोव्हेंबर १८८७, मॉस्को – २६ जानेवारी १९४३, सारातोव्ह) हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ, आनुवंशिकीतज्ज्ञ आणि शोधप्रवासी होते. लागवडीतील वनस्पतींची उगमकेंद्रे शोधण्यासाठी त्यांनी अनेक खंडांत मोहिमा काढल्या, पिकांच्या बियाण्यांचा त्या काळातील जगातील सर्वांत मोठा संग्रह लेनिनग्राड येथे उभारला आणि त्यातील वाणांची निरनिराळ्या हवामानांत पेरून पारख करण्याची पद्धत रूढ केली. गहू, राय व बार्लीइतकेच त्यांचे लक्ष भांगेसारख्या वनस्पतीकडेही होते. रानटी तणाचे पीक कसे होते, हे दाखवण्यासाठी त्यांनी भांगेचे उदाहरण विस्ताराने मांडले. बियाण्याविषयीचा कोणताही दावा शेतात शेजारी शेजारी पेरून तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. या सूत्राला न जुमानणाऱ्या मताला राजाश्रय मिळाला आणि व्हॅव्हिलॉव्ह यांचा तुरुंगात उपासमारीने अंत झाला.

जन्म आणि शिक्षण

व्हॅव्हिलॉव्ह यांचे वडील इव्हान इल्यिच हे शेतकरी कुटुंबात जन्मले होते. मॉस्कोत येऊन कापडाच्या व्यापारात त्यांनी चांगला जम बसवला. धाकटे बंधू सर्गेय हे पुढे नामांकित भौतिकीविद झाले आणि १९४५ ते १९५१ या काळात सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. वडिलांच्या इच्छेनुसार निकोलाय यांचे शालेय शिक्षण मॉस्कोच्या वाणिज्य विद्यालयात झाले. व्यापारात मन रमत नसल्याने १९०६ मध्ये त्यांनी मॉस्को कृषी संस्थेत प्रवेश घेतला. तेथे मृदा व वनस्पतिपोषणाचे तज्ज्ञ दिमित्री प्र्यानिश्निकोव्ह हे त्यांना गुरू म्हणून लाभले. मॉस्को परगण्यातील पिकांचे नुकसान करणाऱ्या गोगलगायींवर त्यांनी पदवीचा प्रबंध लिहिला.

१९११-१२ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या उपयोजित वनस्पतिशास्त्र कार्यालयात रॉबर्ट रेगेल यांच्या हाताखाली काम केले. १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले. मेंडेलच्या नियमांचे खंदे पुरस्कर्ते विल्यम बेटसन यांच्यासोबत त्यांनी अभ्यास केला आणि केंब्रिजमध्ये गव्हाच्या पैदाशीचे काम जवळून पाहिले. एकाच पिकाच्या काही वाणांवर रोग पडतो आणि काहींवर पडत नाही, याचे कारण आनुवंशिक घडणीत शोधणे हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते मायदेशी परतले.

इराण, पामीर आणि रायचे कोडे

१९१६ मध्ये उत्तर इराणमधील रशियन सैनिकांना स्थानिक पिठाची भाकरी खाल्ल्यावर गुंगी येऊ लागली. त्याचे कारण शोधण्यासाठी व्हॅव्हिलॉव्ह यांना पाठवण्यात आले. गव्हात मिसळलेल्या विषारी तणाचे दाणे हे त्यामागचे कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ते काम संपल्यावर परत न फिरता ते पामीरच्या डोंगराळ प्रदेशाकडे वळले.

या प्रवासात त्यांना एक लक्षणीय गोष्ट दिसली. सखल भागातील गव्हाच्या शेतात राय हे तण म्हणून उगवत होते. जसजसे उंचावर जावे तसतसे थंडीमुळे गहू विरळ होई आणि काटक राय वाढत जाई. अखेरीस अतिउंच शेतांत केवळ राय उरे आणि शेतकरी तेच पीक म्हणून कापून घेत. माणसाने राय मुद्दाम निवडले नव्हते. गव्हाच्या आश्रयाने ते आपण होऊन शेतात शिरले होते. अशा वनस्पतींना त्यांनी दुय्यम पिके म्हटले. हा विचार पुढे भांगेच्या अभ्यासात त्यांना उपयोगी पडला.

समजात मालिकांचा नियम

१९१७ मध्ये व्हॅव्हिलॉव्ह सारातोव्ह येथे प्राध्यापक झाले. क्रांती आणि यादवी युद्धाच्या धामधुमीतही त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह शेतातील प्रयोग चालू ठेवले. ४ जून १९२० रोजी सारातोव्हमध्ये भरलेल्या पैदासकारांच्या परिषदेत त्यांनी आनुवंशिक विविधतेतील समजात मालिकांचा नियम मांडला. जवळच्या नात्यातील वनस्पतींमध्ये समान प्रकारचे भेद समांतरपणे आढळतात, असे हा नियम सांगतो. गव्हात कुसळाची व बिनकुसळाची, पांढऱ्या व तांबड्या कणसाची रूपे असतील, तर तशीच रूपे बार्ली किंवा रायमध्येही शोधावीत. श्रोत्यांनी या मांडणीची तुलना मेंडेलीव्ह यांच्या आवर्त सारणीशी केली. पैदासकाराला कोणता गुण कोठे शोधावा याचा अंदाज त्यामुळे बांधता येऊ लागला.

रेगेल यांच्या निधनानंतर त्यांच्या कार्यालयाची धुरा व्हॅव्हिलॉव्ह यांच्याकडे आली आणि १९२१ मध्ये ते पेट्रोग्राडला, म्हणजे नंतरच्या लेनिनग्राडला, स्थायिक झाले. त्याच सुमारास व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला होता. अवर्षणात टिकणारी आणि लवकर पिकणारी वाणे मिळवणे हा तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न झाला होता.

भांगेचा अभ्यास

भांग (कॅनाबिस) हे रशियातील जुने आणि महत्त्वाचे पीक होते. तिच्या खोडातील वाखापासून दोर, शिडाचे कापड आणि पोती बनत, तर बियांपासून खाद्यतेल निघे. व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यात हीच वनस्पती तण म्हणूनही सर्वत्र आढळे. सारातोव्हचे वनस्पतिशास्त्रज्ञ दिमित्री यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये या रानटी प्रकाराला कॅनाबिस रुडेरालिस हे नाव दिले.

व्हॅव्हिलॉव्ह यांनी रानटी आणि लागवडीतील भांगेच्या बियांची तुलना केली. रानटी भांगेचे बी लहान असते आणि पक्व होताच गळून पडते. ते सर्व एकाच वेळी रुजत नाही, त्यामुळे एखादा हंगाम वाईट गेला तरी सर्व रोपे एकदम नष्ट होत नाहीत. बियांच्या बुडाशी स्निग्ध पदार्थाने युक्त असा लहानसा भाग असतो. त्याच्या ओढीने तांबड्या रंगाचे ढेकूणवर्गीय कीटक बी ओढून नेतात आणि त्याचा प्रसार होतो. लागवडीतील भांगेचे बी मोठे असते, झाडावर टिकून राहते आणि पेरल्यावर बहुतांशी एकसारखे उगवते. माणसाने वर्षानुवर्षे केलेल्या कापणीत न गळणारे बीच घरी आले आणि तेच पुढच्या वर्षी पेरले गेले, हे या फरकाचे कारण होय.

भांगेला सकस जमीन मानवते. भटक्या टोळ्यांच्या तळाभोवती गुरांच्या शेणामुतामुळे कसदार झालेल्या जागी ती आपोआप उगवे. त्यामुळे माणसाने तिला दूरच्या रानातून शोधून आणले नाही, ती स्वतःच त्याच्या वस्तीजवळ आली, असे मत व्हॅव्हिलॉव्ह यांनी मांडले. त्यांच्या सहकारी येवगेनिया सिन्स्काया यांना अल्ताई पर्वतप्रदेशात या बदलाचे टप्पे पाहावयास मिळाले. कोठे लोक रानातील भांग गोळा करीत, कोठे अंगणाजवळ उगवलेली भांग राखून ठेवीत, तर कोठे ती रीतसर पेरीत. हजारो वर्षांचा इतिहास एकाच प्रदेशात शेजारी शेजारी उभा होता.

१९२४ च्या अफगाणिस्तान मोहिमेत व्हॅव्हिलॉव्ह यांना तेथेही रानटी भांग आढळली. काफिरिस्तान (आजचे नुरिस्तान) या प्रदेशाच्या नावावरून त्यांनी तिच्या एका प्रकाराला काफिरिस्तानिका हे नाव दिले. कॅनाबिसच्या वर्गीकरणात ते आजही वापरले जाते.

मोहिमा आणि उगमकेंद्रे

अफगाणिस्तानात व्हॅव्हिलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ५,००० किलोमीटरचा प्रवास केला. त्यातील बराचसा भाग घोड्यांच्या काफिल्यासह दुर्गम घाटांतून पार करावा लागला. या प्रवासासाठी रशियन भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. १९२६-२७ मध्ये त्यांनी भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि ॲबिसिनिया (इथिओपिया) पालथे घातले. १९२९ मध्ये ते पश्चिम चीन, जपान, तैवान व कोरिया येथे गेले. १९३० मध्ये मेक्सिको व मध्य अमेरिका आणि १९३२-३३ मध्ये दक्षिण अमेरिका येथे मोहिमा झाल्या. त्यांना अनेक भाषा अवगत होत्या. बाजारपेठा, खळी आणि शेतकऱ्यांची कोठारे यांतून ते मूठ मूठ बियाणे गोळा करीत आणि प्रत्येक नमुन्यावर स्थळ, उंची व स्थानिक नाव नोंदवीत.

ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची सर्वाधिक विविधता आढळते, तेथे त्याचा उगम शोधावा, हे तत्त्व त्यांनी १९२६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. या ग्रंथाला लेनिन पारितोषिक मिळाले. प्रारंभी त्यांनी पाच उगमकेंद्रे मानली होती. पुढे ती संख्या आठ झाली. भारतीय उपखंड हे त्यांपैकी एक असून भात, ऊस, वांगी, आंबा इत्यादींचा संबंध त्यांनी या केंद्राशी जोडला. भारतातील नमुने जमवण्यासाठी त्यांच्या संस्थेतर्फे व्ही. व्ही. मार्कोविच यांनी १९२० च्या दशकात प्रवास केला होता. विविधता जेथे अधिक तेथेच उगम असतो, हे गृहीतक नंतरच्या संशोधकांनी काही प्रमाणात सुधारले. पिकांचा इतिहास भूगोलाच्या साहाय्याने वाचण्याची त्यांची दृष्टी मात्र टिकून राहिली.

वाणांची चाचणी

गोळा केलेले बियाणे कपाटात ठेवणे म्हणजे केवळ अर्धे काम, असे व्हॅव्हिलॉव्ह मानीत. १९२३ पासून त्यांनी भौगोलिक पेरण्यांचा मोठा प्रयोग हाती घेतला. निवडलेल्या वाणांचा एकच संच उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या प्रदेशापासून दक्षिणेच्या वाळवंटापर्यंत शंभराहून अधिक ठिकाणी पेरण्यात आला. रोपाची उंची, पक्व होण्यास लागणारे दिवस, दाण्यातील प्रथिने, रोगाचा प्रादुर्भाव अशा नोंदी सर्वत्र एकाच पद्धतीने ठेवल्या गेल्या. कोणता गुण बियाण्याचा आणि कोणता जमीन-हवामानाचा, हे त्यामुळे वेगळे करता आले. एका ठिकाणी उत्तम ठरलेले वाण दुसरीकडे फसू शकते, हे शेतकऱ्याला अनुभवाने माहीत असते. या प्रयोगांनी त्याला मोजमापाचा आधार दिला. याच काळात त्यांचे सहकारी व्हिक्टर तालानोव्ह यांनी नव्या वाणांची सरकारी चाचणी करणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. पैदासकाराने तयार केलेले वाण प्रथम या केंद्रांत प्रचलित वाणांच्या शेजारी पेरले जाई आणि त्यात सरस ठरल्यावरच शेतकऱ्यांकडे जाई.

भांगेच्या बाबतीत ही चाचणी विशेष कठीण असते. भांगेची नर व मादी झाडे सामान्यतः वेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होते. दोन वाणे जवळ पेरली तर त्यांचा संकर होऊन दोन्हींची शुद्धता जाते. म्हणून वाफे एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात किंवा कापडी आडोसे उभारावे लागतात. वाख किती निघेल हे खोड पाहून ठरवायचे, पण तोवर निकृष्ट नराचे परागकण वाऱ्यावर पसरलेले असतात. जर्मन संशोधक गुस्ताव ब्रेडेमान यांनी यावर असा उपाय काढला की, फुलण्यापूर्वी नर झाडाचे खोड उभे चिरून एका भागातील वाख मोजावा आणि उत्तम नरांनाच फुलू द्यावे.

दिवसाच्या लांबीचाही भांगेवर मोठा परिणाम होतो. दक्षिणेकडील वाणे उत्तरेत पेरली तर ती उंच वाढतात, पण थंडी पडण्यापूर्वी त्यांचे बी पिकत नाही. शिवाय भांगेच्या बियांची उगवणक्षमता साध्या साठवणीत काही वर्षांतच घटते. त्यामुळे प्रत्येक नमुना ठरावीक काळाने पुन्हा पेरून त्याचे ताजे बी घ्यावे लागते. व्हॅव्हिलॉव्ह यांच्या संस्थेने भांगेचा असा जिवंत संग्रह जोपासला. सेरेब्रियाकोव्हा आणि सिझोव्ह यांनी केलेले भांगेचे सविस्तर वर्गीकरण संस्थेच्या लागवडीतील वनस्पतींच्या ग्रंथमालेत १९४० मध्ये प्रसिद्ध झाले.

लिसेंकोशी संघर्ष

१९२९ मध्ये व्हॅव्हिलॉव्ह लेनिन कृषिविज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. १९३० पासून त्यांची संस्था अखिल संघीय वनस्पती उद्योग संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा संग्रह वाढत जाऊन दोन लाखांहून अधिक नमुन्यांचा झाला. मात्र सामूहिक शेतीच्या सक्तीनंतर देशात पुन्हा दुष्काळ पडला होता आणि शासनाला तातडीचे यश हवे होते. नवे वाण तयार होऊन तपासले जाण्यास १० ते १२ वर्षे लागत. १९३१ च्या सरकारी आदेशाने ही मुदत ४ ते ५ वर्षांवर आणली.

या वातावरणात त्रोफिम लिसेंको पुढे आले. बियाणे भिजवून थंडीत ठेवण्याच्या वासंतीकरण या पद्धतीने उत्पन्न भरघोस वाढते, असा त्यांचा दावा होता. प्रारंभी व्हॅव्हिलॉव्ह यांनीही या कामाचे कौतुक केले आणि लिसेंकोंना प्रोत्साहन दिले. लिसेंको आपले निष्कर्ष सामूहिक शेतांकडून भरून आलेल्या प्रश्नावल्यांवर आधारीत. प्रक्रिया न केलेले बियाणे शेजारी पेरून पद्धतशीर तुलना करण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. पुढे त्यांनी जनुकांचे अस्तित्वच नाकारले आणि वनस्पतीने परिस्थितीनुसार मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, असे प्रतिपादन केले. १९३५ पासून त्यांना स्टालिन यांचा उघड पाठिंबा मिळाला. १९३८ मध्ये ते कृषिविज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

व्हॅव्हिलॉव्ह यांनी १९३६ व १९३९ च्या जाहीर चर्चांत आनुवंशिकीची बाजू सोडली नाही. मॉस्कोत १९३७ मध्ये होणारी आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद रद्द झाली. १९३९ मध्ये एडिंबरो येथे ती भरली तेव्हा अध्यक्षपदी व्हॅव्हिलॉव्ह यांची निवड झाली होती, पण त्यांना देशाबाहेर जाऊ दिले गेले नाही.

अटक आणि मृत्यू

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करीत असताना व्हॅव्हिलॉव्ह यांना अटक झाली. त्या दिवशी त्यांनी जमवलेल्या नमुन्यांत अर्धवन्य स्थानिक गव्हाची एक जुडी सहकाऱ्यांना नंतर मिळाली. सुमारे ११ महिने त्यांची कठोर चौकशी चालली. घातपात व हेरगिरीचे आरोप ठेवून ९ जुलै १९४१ रोजी त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. गिऑर्गी कार्पेचेंको, लिओनिद गोव्होरोव्ह या त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनाही प्राण गमवावे लागले.

जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आल्यावर कैद्यांना हलवण्यात आले आणि व्हॅव्हिलॉव्ह सारातोव्हच्या तुरुंगात आले. ज्या शहरात त्यांनी समजात मालिकांचा नियम मांडला, तेथेच त्यांना फाशीच्या कोठडीत ठेवले गेले. वृद्ध गुरू प्र्यानिश्निकोव्ह यांनी त्यांच्यासाठी निर्भयपणे अर्ज केले. १९४२ मध्ये शिक्षा कमी करून २० वर्षांची कैद करण्यात आली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. कैदेत त्यांनी जागतिक शेतीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला होता, पण त्याचे हस्तलिखित उपलब्ध नाही. कुपोषणाने खंगून २६ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. लोकांना पुरेसे अन्न मिळावे यासाठी आयुष्य वेचलेल्या या शास्त्रज्ञाचा मृत्यू अन्नाअभावी झाला.

त्यांचा पहिला विवाह येकातेरिना साखारोव्हा यांच्याशी झाला. त्यांचा मुलगा ओलेग. दुसऱ्या पत्नी येलेना बारुलिना या मसुराच्या तज्ज्ञ होत्या. त्यांचा मुलगा युरी. युद्धकाळात बारुलिना सारातोव्हमध्येच राहत होत्या. आपले पती त्याच शहरात कैदेत आहेत हे ठाऊक नसल्याने त्या मॉस्कोच्या पत्त्यावर जिन्नस पाठवीत राहिल्या.

लेनिनग्राडचा वेढा आणि बियाणे

सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ या काळात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला होता. संचालक कैदेत असताना संस्थेतील कर्मचाऱ्यांनी संग्रह सांभाळला. गहू, तांदूळ, शेंगदाणे, मटार यांनी भरलेले डबे समोर असूनही त्यांनी त्यातील दाण्याला हात लावला नाही. उंदीर, थंडी आणि चोरी यांपासून रक्षण करण्यासाठी आळीपाळीने पहारे ठेवले. तांदूळ संग्रहाचे दिमित्री इव्हानोव्ह, भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर शुकिन, ओटचा संग्रह सांभाळणाऱ्या लिदिया रोदिना यांच्यासह अनेक जण उपासमारीने मरण पावले. अब्राहम कामेराझ व ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनी बटाट्याची वाणे तोफांच्या माऱ्यातून वाचवली. हे धान्य खाऊन काही माणसे थोडे दिवस जगली असती. पण त्यातील कित्येक वाणे मूळ शेतांतूनही नाहीशी होत होती आणि एकदा गेलेले वाण पुन्हा निर्माण करता येत नाही, याची जाणीव त्या सर्वांना होती.

वारसा

२० ऑगस्ट १९५५ रोजी व्हॅव्हिलॉव्ह यांच्यावरील आरोप रद्द करण्यात आले. लिसेंकोंचा प्रभाव त्यानंतरही काही काळ टिकला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास ओसरला. १९६७ मध्ये लेनिनग्राडच्या संस्थेला व्हॅव्हिलॉव्ह यांचे नाव देण्यात आले. तेथील भांगेचा संग्रह आजही जगातील महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक मानला जातो आणि वाखासाठी नवी वाणे तयार करणाऱ्या पैदासकारांना उपयोगी पडतो.

पिकांची विविधता जपणाऱ्या जगभरातील जनुकपेढ्यांमागे व्हॅव्हिलॉव्ह यांची प्रेरणा आहे. भारतात १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा संस्था हेच कार्य करते. तिचे एक प्रादेशिक केंद्र महाराष्ट्रात अकोला येथे आहे. नमुना गोळा करणे, त्याची नोंद ठेवणे, तो ठरावीक काळाने पेरून जिवंत राखणे आणि इतर वाणांच्या शेजारी त्याची पारख करणे, हा व्हॅव्हिलॉव्ह यांनी घालून दिलेला क्रम अशा सर्व संस्थांत आजही पाळला जातो.